पावणीत घेतलेले आठ कॉम्प्युटर

कट्टा गावाच्या बाजारात, बसस्टॉपच्या समोर, माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, वीजबिल, जे जे म्हणून सरकारने उचलून कॉम्प्युटरमध्ये नेऊन ठेवलं, ते पुन्हा माणसाच्या हातात कागदावर आणून द्यायचं काम माझं. दुकानाच्या दारात मी स्वतःच्या हाताने लाल शाईत लिहिलेली पाटी लावली आहे. ओटीपी कोणालाही सांगू नये. अनोळखी माणसाला पैसे पाठवू नयेत. विचारल्याशिवाय कशावरही बोट ठेवू नये. लोक लॉटरी लागल्याचे मेसेज घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांना बसस्टॉपपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात झापते. एका रिटायर मास्तरांना मी एवढं बोलले होते की ते पुढे कित्येक महिने झेरॉक्स काढायला थेट कुडाळला जात. गावात शहाणं कोण, असं विचारलंत तर लोक तोंड वाकडं करतील, पण बोट माझ्याकडेच दाखवतील.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हसायला सोपं जाईल.

माझा नवरा जहाजावर असतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने फोनवर सांगितलं की आता पाण्याचा कंटाळा आला, गोव्यात वास्कोला किनाऱ्यावरची नोकरी मिळते आहे, गणपतीनंतर तिथेच भाड्याने जागा घेऊ, तू दुकान बंद कर आणि ये. मी म्हटलं, आणि तुझी आई? तो म्हणाला, तिलाही घेऊन ये. आता आमच्या सासूबाईंना घेऊन येणं म्हणजे आधी त्यांची गाय, काजूची कलमं, देव्हारा, विहीर आणि वाडीतली सगळी भांडणं घेऊन येणं आलं. वास्कोच्या दुसऱ्या मजल्यावर एवढं मावत नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, तुमी जावा, माझा काय, मी आसंय हंय. आणि गाईला चारा घालायला गेल्या. त्या दिवशी गाईला दुप्पट चारा मिळाला असावा, कारण त्या बराच वेळ परत आल्या नाहीत.

मला जायचं नव्हतं. दुकान माझं होतं, मी उभं केलेलं. पण नुसत्या झेरॉक्सवर ते कसंबसं चालत होतं, हे नवऱ्याला माहीत होतं आणि मलाही. माझ्या डोक्यात बरेच दिवस कॉम्प्युटर क्लास होता. आमच्या भागातल्या मुलींना टायपिंग शिकायचं तर कुडाळ गाठावं लागतं, आणि संध्याकाळच्या एसटीने मुलगी परत यायची म्हटलं की घरचे नको म्हणतात. कट्ट्यात क्लास निघाला तर त्या सगळ्या येतील याची मला खात्री होती. नवरा म्हणाला, ठीक आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत क्लास सुरू करून दाखव, मग वास्कोचं पुन्हा बोलू. म्हणजे क्लास झाला तर मी इथे, नाही झाला तर मी वास्कोला. इतकं सरळ होतं.

नवे कॉम्प्युटर परवडणारे नव्हते. मी जुने शोधायला लागले आणि एका वेबसाइटवर मला ते दिसले. कुठल्याशा बंद झालेल्या ऑफिसचे आठ सेट, एका ओळीत मांडलेले, पुसून लख्ख केलेले, प्रत्येकासमोर खुर्चीसुद्धा. विकायचे होते लिलावाने. विकणाऱ्याच्या नावापुढे चांदण्याच चांदण्या होत्या. मी त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं, त्याने पाठवलं. जीएसटीचा कागद मागितला, तोही पाठवला. कॉम्प्युटर चालू होतो याचा व्हिडिओ मागितला, तर त्याने चालू होतानाचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ताई, तुमच्यासारखं बारकाईने कोणी विचारत नाही. मला बरं वाटलं. हे वाक्य आता आठवलं की दात ओठ खावेसे वाटतात, पण तेव्हा बरंच वाटलं.

लिलाव रविवारी संध्याकाळी संपायचा होता. आमच्या घरात रेंज येत नाही. ती येते फक्त खळ्यात, म्हणजे अंगणात, तुळशीच्या मागच्या दगडी गडग्यावर, आणि तेही तुम्ही आंब्याकडे तोंड करून बसलात तर. मी फोन घेऊन गडग्यावर बसले. सासूबाई खळ्यात कोकमासाठी रतांबे फोडत होत्या, हात कोपरापर्यंत लाल. त्यांनी विचारलं, एवढा काय बघतंस? मी म्हटलं, लिलाव चाललाय, कॉम्प्युटरचा. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे पावणीच मगे," त्या म्हणाल्या.

इथे पावणीबद्दल सांगायला हवं. आमच्या देवळात जत्रेनंतर देवाला आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, त्याला आम्ही पावणी म्हणतो. नारळ, केळ्यांचा घड, फणस, एखादा भोपळा. पैसे देवाला जातात, त्यामुळे बाजारभावाशी त्याचा काही संबंध नसतो. जो भोपळा कट्ट्याच्या बाजारात कोणी फुकट नेणार नाही, तो पावणीत सोन्याच्या मोलाने जातो, आणि घेणारा तो डोक्यावर घेऊन घरी येतो. या पावणीत आमच्या सासूबाईंचं मोठं नाव आहे. बायका सहसा मागे बसतात, या पुढे बसतात. त्यांच्या तोडीची एकच बाई आहे, खालच्या वाडीतली, जिची काजूची फॅक्टरी आहे. दोघी एकाच शाळेत होत्या, एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या आणि तेव्हापासून दरवर्षी एकमेकींच्या अंगावर बोली चढवतात. बाकीचं गाव जत्रेपेक्षा हे बघायला थांबतं.

तर त्या हात पदराला पुसत उठल्या आणि माझ्या शेजारी गडग्यावर येऊन बसल्या. मी त्यांना पडदा दाखवला. वर आकडा, खाली उरलेला वेळ, आणि बोली लावणाऱ्यांची नावं म्हणून नुसत्या चांदण्या आणि शेवटची दोन अक्षरं. त्यांना हे पसंत पडलं नाही. तोंड न दाखवता बोली लावणारा माणूस त्यांच्या मते भित्रा. मग त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. पहिली बोली आपण लावायची नाही. समोरच्याने आकडा चढवला की लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी खोकायचं. आकडा सांगताना मान खाली घालायची नाही. मी म्हटलं, आई, त्याला माझी मान दिसत नाही. त्या म्हणाल्या, मान वर असली की आकडो बरो येता.

मी मान वर करून बोली लावली. दुसऱ्याने चढवली. मी खोकून पुन्हा लावली. बाकीचे दोघे तिघे गळाले आणि आम्ही दोघंच उरलो. तो पलीकडचा माणूस वेळ संपत येईपर्यंत गप्प राहायचा आणि अगदी शेवटी थोडासाच आकडा वाढवायचा. वाढवला की घड्याळ पुन्हा थोडं पुढे सरकायचं. सासूबाई हे सगळं डोळे बारीक करून बघत होत्या.

"ह्या तिचाच काम," त्या म्हणाल्या. "ती अशीच येता. आदी गप ऱ्हवता आणि तीन वार म्हणाच्या आदी तोंड उघडता."

मी समजावलं की हा लिलाव सगळ्या देशाचा आहे, खालच्या वाडीतल्या बाईला जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचंय. त्या म्हणाल्या, तिला मागच्या वर्षी भोपळ्याचं काय करायचं होतं? त्यांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला, लिलाव चालू असताना, आणि त्या बाईला फोन लावला. काय करतंस, असं गोड आवाजात विचारलं. ती म्हणाली, भाकऱ्या भाजतंय. सासूबाईंनी फोन ठेवला आणि मला सांगितलं की बघ, खोटं बोलते आहे, एका हाताने भाकरी थापते आणि दुसऱ्या हाताने आकडे चढवते, लहानपणापासून दोन्ही हातांची आहे.

मी माझी हद्द आधीच ठरवली होती. क्लाससाठी बाजूला काढलेली रक्कम होती, तिच्यापलीकडे जायचं नाही. आकडा त्या हद्दीला टेकला आणि पलीकडच्याने तो ओलांडला. मी फोन गडग्यावर उपडा ठेवला. मनातून एकदम खचले. गेले म्हटलं, कॉम्प्युटर गेले, क्लास गेला, आता पेट्या भरायच्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला आणि मी धावले. गॅसवरून टोप उतरवला, शेगडीभर सांडलेलं पुसलं, करपलेल्या टोपाला दोन शिव्या दिल्या आणि बाहेर आले, तर सासूबाई फोन दोन्ही हातांत धरून तुळशीसमोर उभ्या होत्या. फोनच्या पडद्यावर रतांब्याचे लाल ठसे होते.

"घेतलंय," त्या म्हणाल्या.

विचारल्याशिवाय कशावरही बोट ठेवू नये, ही पाटी मी घरी लावली नव्हती. आकडा माझ्या हद्दीच्या बराच पुढे गेला होता. मी ओरडले. किती वेळा दाबलंत, मी थांबले होते ना, हे पैसे कुठून आणायचे. त्या एका शब्दाने उलट बोलल्या नाहीत. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती, कारण उलट न बोलणं हा त्यांचा स्वभाव नाही. त्या आत गेल्या, कोकम आणि काजू विकून साठवलेले पैसे पत्र्याच्या डब्यातून काढले आणि माझ्यासमोर ठेवले. मग मात्र मला हसू फुटलं. खरं सांगते, आनंदच झाला. आम्ही दोघी त्या खळ्यात वेड्यासारख्या हसलो आणि करपलेल्या दुधाचा चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याचा फोन आला. म्हणाला, वेबसाइटवरून पैसे भरलेत तर तिचं कमिशन जातं, तुमचंही नुकसान आणि माझंही, त्यापेक्षा थेट माझ्या खात्यावर भरा. आता हेच वाक्य घेऊन कोणी माझ्या दुकानात आलं असतं तर मी त्याला पाटीखाली उभं करून मोठ्याने पाटी वाचायला लावली असती. पण मी काय केलं, तर घासाघीस केली. म्हटलं, थेट भरते, पण ट्रान्सपोर्टचा खर्च तुम्ही करा. तो कुरकुरला. मी ताणून धरलं. शेवटी तो म्हणाला, ताई, तुमच्यापुढे हरलो. मी विजयी मुद्रेने सासूबाईंकडे बघितलं.

तरी एकदा मनात आलंच. मी सासूबाईंना म्हटलं, आधी कोणाला तरी पाठवून माल बघून घेऊ या का? त्यांना माझी लाज वाटली. अगदी तोंडावर दिसलं.

"पावणीचो नारळ कोण हलवन बघता गो?"

आणि हे खरंच आहे. पावणीत घेतलेला नारळ कानाशी नेऊन हलवला, पाणी आहे की नाही बघितलं, असं आमच्या गावात कोणी केलं तर त्याची पुढच्या जत्रेपर्यंत चेष्टा होईल. बोली लावायची, उचलायचं आणि मान वर करून घरी जायचं. विकणारा देव असतो, त्याची काय परीक्षा घ्यायची. मी या गावात लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघते आहे, आणि ते माझ्या अंगात किती मुरलंय हे मला तेव्हा कळलं नाही. मी पैसे भरले.

माल येईल की नाही अशी धाकधूक होती, पण माल आला. कुडाळहून ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की तुमचे खोके येऊन पडलेत. सासूबाई म्हणाल्या, मी येतंय. त्यांनी नऊवारी नेसली, पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि उदबत्ती घेतली, आणि आम्ही टेम्पो करून गेलो. खोके जड होते. चांगलेच जड. दोन हमालांनी ते चढवताना कंबरेवर हात ठेवले तेव्हा मला केवढा आनंद झाला. परत येताना सासूबाई टेम्पोत पुढे बसल्या आणि वाटेत दिसेल त्याला हाक मारून सांगत राहिल्या. खालच्या वाडीच्या वळणावर त्यांनी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितली. ती बाई फॅक्टरीच्या दारातच उभी होती. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. न बघण्यासाठी त्यांनी मान एवढी वळवली की दोन दिवस त्यांना शेक द्यावा लागला.

घरी वाडी जमली होती. मुली आल्या होत्या, त्यांच्या आया आल्या होत्या. खोके पडवीत मांडले, नारळ फोडला, सगळ्यात वरच्या खोक्याला कुंकू लावलं. एका म्हाताऱ्या काकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, आज जी काय ही यंत्रां तुझ्या लेकरान घराक हाडलेली आसत, त्यांका कसली किडामुंगी लागू नको, लाईटीचो झटको बसू नको, आणि पोरींका त्याच्यार हात बसान चार पैशे मिळूक देत. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. मी सुरीने चिकटपट्टी कापली.

पहिल्या खोक्यात कीबोर्ड होते. आठच्या आठ, चांगले, पुसलेले. पडवीत समाधानाचा आवाज उठला. दुसऱ्या खोक्यात कॉम्प्युटरचे उभे डबे. मी एक बाहेर काढला, तो हातात खुळखुळला. झाकण उघडलं. आत काहीही नव्हतं, म्हणजे कॉम्प्युटरचं काही नव्हतं. गोणपाटात गुंडाळलेले बाथरूमच्या फरशीचे तुकडे होते, निळ्या रंगाचे, त्यावर छोटे मासे काढलेले. दुसरा डबा उघडला, तेच. तिसऱ्यात मासे नव्हते, फुलं होती. मी एकामागून एक झाकणं उघडत गेले आणि पडवीतले लोक एकामागून एक गप्प होत गेले. एक छोटी मुलगी तेवढी मासेवाले तुकडे गोळा करत होती.

शेवटी मॉनिटर. सासूबाई म्हणाल्या, मी काढतंय. त्यांनी एक उचलला, छातीशी धरला, वळल्या, आणि आम्हाला त्यातून त्यांच्या लुगड्याची किनार दिसली. नुसती चौकट. काच नाही, मागे काही नाही, पुढून मागे आरपार. त्यांना हे चटकन कळलंच नाही. त्यांनी तो उभा धरून आत बघितलं, आणि पलीकडे नेमकी ती खालच्या वाडीतली बाई येऊन उभी होती. सगळं गाव जमलं म्हटल्यावर तिला राहवलं नव्हतं. तिने वाकून चौकटीतून सासूबाईंकडे बघितलं. दोघींची तोंडं वीतभर अंतरावर, मध्ये तो मॉनिटर.

"चित्र बरा येता," ती म्हणाली.

पडवीत कोण आधी हसलं ते मला माहीत नाही. म्हातारे काका तर खांबाला धरून बसले. मी हसले नाही. मी माजघरात जाऊन दार लोटून घेतलं आणि उशीत तोंड खुपसून रडले. पैशांसाठी रडले, रागाने रडले, आणि सगळ्यात जास्त यासाठी की उद्या कट्ट्यात दुकान उघडायचं म्हणजे त्या पाटीखालून आत जावं लागणार होतं. विकणाऱ्याचा फोन अर्थातच बंद होता. वेबसाइटवरच्या त्याच्या चांदण्या मात्र तशाच चमकत होत्या.

आम्ही पोलिसांत गेलो. सासूबाई ऑफिसात गेल्या की पुस्तकी मराठी बोलतात आणि समोरच्याला घाम फुटतो. त्या पुढे सरकून म्हणाल्या, साहेब, आमची फसवणूक झालेली आहे आणि आम्हाला ती बाई हवी आहे. साहेबांनी विचारलं, कोणती बाई? त्या म्हणाल्या, जी आकडे चढवत होती. साहेब तरुण होते, सोशिक होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि तक्रार टाइप करायला बसले, एका बोटाने. अक्षर शोधायचे, सापडलं की आनंदायचे, पुढचं शोधायचे. मी ओळ संपेपर्यंत कळ काढली. मग म्हटलं, साहेब, उठा जरा. माझी फसवणुकीची तक्रार मीच टाइप केली, समास नीट केले, वरचा मजकूर मधोमध घेतला. त्यांनी विचारलं, ताई, तुमचा क्लास आहे का? मी म्हटलं, त्याचीच तर तक्रार आहे.

मग साहेबांनी आम्हाला समजावून सांगितलं. अशा लिलावात समोरून बोली चढवणारा बहुतेक वेळा दुसरा कोणी नसतो. विकणाराच दुसऱ्या नावाने बोली लावतो, तुम्हाला चढवत नेतो, आणि तुम्ही थकताय असं वाटलं की गप्प बसतो. मला एवढं वाईट वाटलं नाही, पैसे गेले ते गेलेच होते. पण सासूबाईंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. म्हणजे समोर कोणीच नव्हतं? म्हणजे मी एकटीच?

घरी आल्यावर न टेकता त्या तशाच खालच्या वाडीत गेल्या, कोकमाची बाटली घेऊन. काय बोलणं झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. सासूबाईंनी तिला सांगितलं की मी उगाच तुझ्यावर आळ घेतला. ती बाई भडकली, पण आळ घेतल्याबद्दल नाही. गावात एवढी मोठी पावणी झाली आणि मला बोलावलं नाही, हा तिचा राग. मी असते तर त्या चोराला दाखवलं असतं, असं ती म्हणाली. मग दोघींनी मिळून त्याला बराच वेळ शिव्या दिल्या आणि सासूबाई ताज्यातवान्या होऊन घरी आल्या.

इकडे मुलींच्या आया मला रस्त्यात गाठून विचारू लागल्या की क्लास कधी सुरू होणार. पहिलीला मी गप्प राहून टाळलं. दुसरीला हसून टाळलं. तिसरीने विचारलं तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी म्हटलं, सोमवारी. आता सोमवारी म्हटलं म्हणजे सोमवारी. दुकानात चालू असलेला कॉम्प्युटर एकच, माझा. मी आठ कीबोर्ड बाकांवर मांडले, त्यांच्या वायरी कशालाच न जोडता खाली सोडल्या, आणि मुलींना बसवलं. बोटं ठेवा, डोळे मिटा, मी सांगते ते अक्षर मोठ्याने म्हणत दाबा. एकेकीला पाळीपाळीने माझ्या खऱ्या कॉम्प्युटरवर बोलवायचं, बाकीच्यांनी हवेत टाइप करायचं. बसस्टॉपवरचे लोक एसटी सोडून आमच्या दारात उभे राहू लागले. आठ मुली ताठ बसून, समोर काही नसताना, खडाखडा बडवतायत आणि मी पट्टी घेऊन ओरडतेय, हे बघायला तिकीट लावलं असतं तर कॉम्प्युटरचे पैसे वसूल झाले असते.

पण हा क्लास नव्हता, हे मला कळत होतं. मुली हौशीने येत होत्या, आणि पाऊस लागला की घरचे म्हणाले असते, हवेत टाइप करायला एवढं भिजत कशाला जायचं. मी मनाशी ठरवून टाकलं. शनिवारी नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी गडग्यावर बसून त्याला सगळं सांगितलं, फरशीवरच्या माशांसकट. तो एवढा हसला की जहाजावरचे त्याचे सोबती विचारायला आले. मग हसणं थांबवून म्हणाला, पुरे झालं आता, ये वास्कोला. मी म्हटलं, येते. एवढा एकच शब्द, पण तो तोंडातून निघाल्यावर मला खूप थकल्यासारखं झालं. म्हटलं, थोड्या वेळाने परत कर फोन, बाकीचं ठरवू.

सासूबाई खळ्यात होत्या, रतांब्याच्या साली उन्हातून उचलत. त्यांनी ऐकलं होतं. मला कोणावर तरी चिडायचं होतं, म्हणून मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, हे तुमच्यामुळे झालं, मी थांबले होते, फोन खाली ठेवला होता, त्या खालच्या वाडीतल्या बाईला हरवायच्या नादात तुम्ही दाबत सुटलात. त्यांनी सुपातल्या साली सारख्या केल्या. मला वाटलं आता तोंड सुटेल.

"तिका हरवूक नाय," त्या म्हणाल्या. "खंय थांबूचा ता माका कळता गो. फणस माका झेपना नाय तेवा मी गप सोडलेलो आसा. पण क्लास नाय झालो तर तू वास्कोक जातलंस, ह्या माका म्हायत होता. तू गेलंस काय मगे मी कोणाबरोबर भांडू?"

आणि पुन्हा साली सारख्या करू लागल्या. त्या आधीच सारख्या होत्या.

आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. लग्न झाल्यापासून या बाईने मला मीठ जास्त झालं, पाणी वाया गेलं, आवाज मोठा आहे, याखेरीज काही सांगितलेलं नव्हतं. मला तिथेच रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. त्या म्हणाल्या, साली भिजतील, बाजूला जाऊन रड. मी बाजूला गेले नाही. सुपाचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी ते आत नेलं.

फोन परत वाजला. मी गडग्यावर जाऊन, आंब्याकडे तोंड करून, नवऱ्याला सांगितलं की मी येत नाही. तो म्हणाला, आत्ता तर येते म्हणालीस. मी म्हटलं, आता नाही म्हणते. त्याने विचारलं, त्या हवेतल्या क्लाससाठी? मी म्हटलं, नाही, आईंसाठी, आणि माझ्यासाठी पण. समुद्राचा आवाज येत होता, किंवा रेंजचा. सासूबाई ओले हात घेऊन बाहेर आल्या, माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला.

"ती खंय जावची नाय," त्यांनी मुलाला सांगितलं. "मडगावसून कुडाळाक गाडी येता. तूच ये."